टायटल वन शाळा: अमेरिकेतल्या मराठी पालकांना पडणारे प्रश्न

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शाळा उघडली की मुलांच्या दप्तरातून कागदांचा गठ्ठा घरी येतो. इमर्जन्सी कार्ड, फोटो काढायची परवानगी, लंच फॉर्म, बसचा मार्ग. त्यातच एक पत्र असतं: आपली शाळा टायटल वन निधी घेते, पालक म्हणून तुम्हाला पुढील हक्क आहेत, खाली सही करा. बहुतेक घरांत सही होते आणि कागद परत जातो. काय वाचलं, कशावर सही केली, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. नवीन आलेल्या कुटुंबांकडून या पत्राबद्दल जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

टायटल वन म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत सरकारी शाळांचा बहुतेक खर्च राज्य आणि स्थानिक कर उचलतात. स्थानिक वाटा मुख्यतः घरांवरच्या मालमत्ता करातून येतो. त्यामुळे महागड्या घरांच्या वस्तीतल्या शाळेकडे पैसा जास्त आणि साध्या वस्तीतल्या शाळेकडे कमी, अशी तफावत पडते. ज्या शाळांत गरीब कुटुंबांतली मुलं जास्त आहेत त्यांना फेडरल म्हणजे केंद्र सरकारने वरून मदत द्यायची, हा टायटल वनचा गाभा.

टायटल वन हा 'एलिमेंटरी अँड सेकंडरी एज्युकेशन ॲक्ट' या कायद्याचा पहिला भाग. ११ एप्रिल १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली. त्यासाठी ते टेक्सासमध्ये, लहानपणी ज्या एका खोलीच्या शाळेत शिकले तिथे गेले होते, आणि त्यांच्या पहिल्या शिक्षिका शेजारी बसल्या होत्या. तरुणपणी जॉन्सननी कोटुला या गावात मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवलं होतं. उपाशीपोटी वर्गात येणारी मुलं त्यांनी स्वतः पाहिली होती, आणि पुढे ते त्याबद्दल जाहीरपणे बोललेही. कायद्याचं नाव आणि नियम नंतर बदलत गेले. २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' आला, आणि डिसेंबर २०१५ पासून 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट' लागू आहे. टायटल वन मात्र टिकून आहे. अलीकडच्या वर्षांत यासाठी वर्षाला सुमारे १८ अब्ज डॉलर मिळत आले आहेत. हा पैसा राज्याच्या शिक्षण खात्याकडे येतो, तिथून स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेकडे, आणि मग शाळेकडे जातो.

एक नियम महत्त्वाचा आहे. राज्याने आणि डिस्ट्रिक्टने शाळेवर जो खर्च करायचाच आहे त्यात हात आखडता घेऊन टायटल वनच्या पैशाने ती तूट भरून काढता येत नाही. हा पैसा जादाचा म्हणूनच वापरायचा असतो.

म्हणजे आमच्या मुलाची शाळा कमी दर्जाची आहे का?

नाही. हा गैरसमज आपल्या लोकांत फार पसरला आहे, आणि त्यापायी कुटुंबं नको ते निर्णय घेतात.

टायटल वन ठरतं ते मुलांच्या घरच्या आर्थिक परिस्थितीवरून. शिक्षक कसे शिकवतात, मुख्याध्यापक कसे आहेत, वाचनालय कसं आहे, यातलं काहीही त्या शिक्क्यात मोजलेलं नसतं. घर किंवा अपार्टमेंट शोधताना आपण शाळांचं रेटिंग देणाऱ्या साइट उघडतो, दहापैकी आकडा बघतो, त्याशेजारी 'टायटल वन' दिसलं की यादीतून नाव काढून टाकतो. त्या आकड्यांत परीक्षेच्या गुणांना मोठं वजन असतं, आणि परीक्षेचे गुण घरच्या उत्पन्नाशी बरेच जोडलेले असतात. म्हणजे आपण शाळा पाहतोय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात शेजाऱ्यांचा पगार पाहत असतो.

टायटल वन शाळेत वाचनासाठी वेगळे शिक्षक, लहान गटांत गणिताचा सराव, शाळा सुटल्यावरचे वर्ग, उन्हाळी वर्ग अशा गोष्टी बऱ्याचदा मिळतात. नुकत्याच भारतातून आलेल्या मुलाला याचा फार उपयोग होतो. शाळा निवडायचीच असेल तर एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. पहिलीच्या वर्गात मुलं काय करताहेत, भिंतीवर मुलांनी स्वतः लिहिलेलं काही लावलंय का, ऑफिसमधल्या बाई नव्या पालकाशी कशा बोलतात, हे अर्ध्या तासात कळतं.

कोणती शाळा टायटल वन होणार, हे कसं ठरतं?

डिस्ट्रिक्ट आपल्या शाळा गरिबीच्या प्रमाणानुसार क्रमाने लावतं. ते प्रमाण मोजायला बहुतेक ठिकाणी मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र मुलांची संख्या धरतात. ७५ टक्क्यांहून जास्त मुलं गरीब कुटुंबांतली असतील तर त्या शाळांना आधी निधी द्यावाच लागतो. बाकीच्यांचं ठरवायला डिस्ट्रिक्टला थोडी मोकळीक असते. आकडे वर्षागणिक बदलतात, त्यामुळे यंदा टायटल वन असलेली शाळा पुढच्या वर्षी नसेलही.

आमचं उत्पन्न बरं आहे. आमच्या मुलाला यातलं काही मिळेल का?

हो, मिळू शकतं.

शाळेतली ४० टक्के किंवा त्याहून जास्त मुलं गरीब कुटुंबांतली असतील, तर शाळा 'स्कूलवाइड' पद्धतीने हा पैसा वापरू शकते. मग तो सगळ्या शाळेसाठी असतो, तुमच्या मुलासकट. प्रमाण कमी असेल तर सहसा 'टार्गेटेड' पद्धत असते, म्हणजे ठरावीक मुलांनाच जादा मदत. ती मुलं निवडताना घरचं उत्पन्न बघत नाहीत. अभ्यासात मागे पडलेलं किंवा पडण्याची शक्यता असलेलं मूल, एवढंच बघतात. इंजिनियरचं मूलही वाचनात मागे असू शकतं, आणि त्याला ही मदत मिळण्यात लाजण्यासारखं काही नाही.

शिक्षकांनी "तुमच्या मुलाला रीडिंग ग्रुपमध्ये घेतोय" असं कळवलं की काही पालक दुखावतात. दुखावण्याआधी तीन गोष्टी विचारा: आठवड्यातून किती वेळा, कोण शिकवणार, आणि त्या वेळात वर्गातला कोणता तास बुडणार. तिसरा प्रश्न विसरू नका.

मग लंच फॉर्म भरायचा की नाही?

शाळेने मागितला तर भरा. कुटुंबाचं उत्पन्न फेडरल दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर शाळेत जेवण मोफत असतं. १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत, म्हणजे दुपारच्या जेवणाला जास्तीत जास्त ४० सेंट. काही शाळांत सगळ्याच मुलांना मोफत जेवण असतं. तिथे हा फॉर्म नसतो, किंवा वेगळा फॉर्म येतो.

फॉर्मवर घरातल्या एका मोठ्या माणसाच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे मागतात. नंबर नसेल तर 'नाही' अशी खूण करायची चौकट तिथेच असते. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या कित्येक आया इथे अडतात आणि फॉर्म तसाच ठेवून देतात. खूण करून द्या, फॉर्म बाद होत नाही.

आणखी एक गोष्ट. सवलतीत खरोखर बसणारी कुटुंबं संकोचाने फॉर्म भरत नाहीत, तेव्हा शाळेतल्या गरिबीचं प्रमाण कागदावर कमी दिसतं आणि निधीही कमी होऊ शकतो. तो तोटा साऱ्या वर्गाचा होतो.

आमचा व्हिसा, ग्रीन कार्ड यांच्याशी याचा काही संबंध आहे का?

टायटल वनसाठी कुटुंबाने कुठलाही अर्ज करायचा नसतो. पैसा शाळेला जातो, तुमच्या नावावर काही येत नाही. मुलाच्या शाळाप्रवेशाबद्दल सांगायचं तर, १९८२ मध्ये 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की इमिग्रेशनचं कारण सांगून कुठल्याही मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही. शाळा पत्त्याचा पुरावा, वयाचा दाखला आणि लसीकरणाची नोंद मागू शकते.

जेवणाच्या सवलतीचा तुमच्या अर्जावर काही परिणाम होईल का अशी शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा. हे नियम बदलत असतात, त्यामुळे व्हॉट्सॲपवरच्या जुन्या फॉरवर्डवर विसंबू नका.

घरात कोणती भाषा बोलता, या प्रश्नाला 'मराठी' लिहायचं का? लिहिलं तर मुलाला ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या वर्गात, टाकतात म्हणे.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि सगळ्यांत चुकीचा सल्ला इथेच मिळतो.

प्रवेशाच्या वेळी होम लँग्वेज सर्व्हे नावाचा छोटा फॉर्म असतो. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकलं, घरात जास्त करून कोणती बोलतात, मूल तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलतं, असे तीन-चार प्रश्न असतात. ग्रुपवर लगेच कुणीतरी सांगतं, "सरळ इंग्लिश लिहून टाका, नाहीतर अडकवतात."

खरं उत्तर लिहा. मराठी लिहिल्याने मूल आपोआप ईएसएलमध्ये जात नाही. शाळा त्याची इंग्रजीची छोटी चाचणी घेते, इतकंच. बऱ्याच राज्यांत विडा नावाच्या संस्थेची चाचणी असते, कॅलिफोर्नियात एल्पॅक. इंग्रजी चांगलं असलेलं मूल त्यात पास होतं आणि विषय संपतो.

आता ज्याला मदतीची गरज आहे अशा मुलाचा विचार करा. नाशिक-सांगलीकडच्या सेमी-इंग्लिश शाळेतून आलेली चौथीची मुलगी इंग्रजी वाचते, गणितात हुशार आहे, स्पेलिंग पाठ आहेत. पण इथल्या वर्गात बाई भरभर बोलतात, मुलं एकमेकांच्या बोलण्यात घुसतात, गोष्ट वाचून 'तुला काय वाटतं' असं विचारतात. ती गप्प बसते. घरी आई-बाबांना वाटतं, नवीन आहे, होईल सवय. शाळेला वाटतं, घरी इंग्रजीच बोलतात असं लिहिलंय, मग ही बोलत का नाही? शिकण्यातच काही अडचण असेल का, अशी शंका निघते. भाषेचा साधा प्रश्न भलत्याच वाटेने जातो, आणि त्याचं मूळ त्या फॉर्मवरच्या एका शब्दात असतं.

मुलाला इंग्रजीच्या मदतीची गरज आहे असं ठरलं तर शाळेने ते पालकांना पत्राने कळवायचं असतं. वर्षाच्या सुरुवातीला ठरलं तर शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत, आणि मधेच ठरलं तर मदत सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांत. मुलाची पातळी काय, ती कशी ठरवली, कोणत्या पद्धतीने शिकवणार, आणि मूल यातून बाहेर कधी पडेल, हे सगळं त्या पत्रात यायला हवं. ही मदत नको असेल तर नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहे. नकार दिला तरी इंग्रजीची वार्षिक चाचणी मात्र मुलाला द्यावीच लागते, हे ध्यानात ठेवा.

आणि घरात मराठी बोलणं बंद करू नका. दोन भाषांत वाढलेलं मूल गोंधळतं, ही भीती निराधार आहे. आई-बाबांनी अडखळत इंग्रजी बोलण्यापेक्षा भरभरून मराठीत गोष्टी सांगितल्या तर मुलाची शब्दांची समज वाढते, आणि ती इंग्रजी वाचतानाही कामी येते.

वार्षिक सभेला गेलंच पाहिजे का?

सक्ती नाही, पण जा. टायटल वन शाळेने वर्षातून किमान एकदा पालकांची सभा घेऊन हा निधी काय आहे, शाळा तो कसा वापरते आणि पालकांचे हक्क कोणते, हे सांगायचं असतं. काही वेळा ती बॅक-टू-स्कूल नाइटच्या दिवशीच उरकतात. कॅफेटेरियात लहान मुलांच्या बाकांवर पालक बसलेले, पडद्यावर स्लाइड, मागे पिझ्झा. वीस मिनिटांत सगळं संपतं आणि कुणी काही विचारत नाही.

तिथे विचारायचे प्रश्न साधे आहेत. यंदा शाळेला किती रक्कम मिळाली? त्यातून किती शिक्षक नेमले? गेल्या वर्षी जे केलं त्याचा काही उपयोग झाला का? हे विचारणं उद्धटपणाचं नाही. कायद्याने पालकांना योजनेत सहभागी करून घेणं शाळेवर बंधनकारक आहे. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शालेय व्यवस्थापन समिती आली आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. इथे तशी समिती प्रत्येक शाळेत असेलच असं नाही, पण पालकांचं मत घ्यायचं बंधन आहे.

या संदर्भात दोन कागद नक्की बघा. पहिला म्हणजे पालक सहभागाचं धोरण. ते पालकांबरोबर बसून तयार करायचं असतं आणि सगळ्यांना वाटायचं असतं. दुसरा स्कूल-पॅरंट कॉम्पॅक्ट. मूल शिकावं म्हणून शाळा काय करणार, पालक काय करणार आणि बहुतेक ठिकाणी मूल काय करणार, हे त्यात लिहिलेलं असतं. प्राथमिक शाळेत वर्षातून किमान एकदा शिक्षक-पालक भेट घेऊन या कॉम्पॅक्टवर बोलायचं असतं. बऱ्याच शाळांत तो जुनाच मजकूर दरवर्षी छापतात. 'पालक रोज मुलाला वाचून दाखवतील' असं वाक्य असेल तर विचारा, मराठीत वाचलं तर चालेल ना? चालतं. आणि ते कॉम्पॅक्टमध्ये लिहूनही घेता येतं.

पैशाचंही सांगते. ज्या डिस्ट्रिक्टला ५ लाख डॉलरहून जास्त टायटल वन निधी मिळतो, त्याने किमान एक टक्का पालक सहभागासाठी राखून ठेवायचा असतो, आणि त्यातला किमान ९० टक्के भाग शाळांकडे जायला हवा. सभेच्या वेळी लहान भावंडांना सांभाळायची सोय, ये-जा करायला गाडी, यावर हा पैसा वापरता येतो. सभा सकाळी ठेवायची की संध्याकाळी, हेही बदलता येतं. दुकानात किंवा वेअरहाउसमध्ये पाळीने काम करणाऱ्या पालकांनी हे मागून घ्यावं.

मुलाचे शिक्षक पात्र आहेत का, हे विचारता येतं?

येतं. टायटल वन शाळेतल्या पालकाने विचारलं तर शाळेला सांगावं लागतं: शिक्षकाकडे त्या इयत्तेचं आणि विषयाचं राज्याचं लायसन्स आहे का, ते तात्पुरतं आहे का, आणि ज्या विषयात प्रमाणपत्र आहे तोच विषय ते शिकवतात का. वर्गात मदतनीस असेल तर त्याचीही पात्रता विचारता येते. सलग चार आठवडे किंवा जास्त काळ राज्याची अट पूर्ण न करणारी व्यक्ती शिकवत असेल, तर शाळेने ते स्वतःहून कळवायचं असतं.

आपल्याकडे गुरुजींना असं विचारायची पद्धत नाही, त्यामुळे जीभ अडखळते. पण हे ईमेलने मुख्याध्यापकांना विचारायचं असतं, शिक्षकांना तोंडावर नाही. तेही ही माहिती देऊन सरावलेले असतात.

माझं इंग्रजी कच्चं आहे. सभेत काही कळत नाही.

पालकांना द्यायची माहिती शक्य तिथवर त्यांना समजेल अशा भाषेत असावी, असं कायद्यात आहे. स्पॅनिशमध्ये बहुतेक सगळं मिळतं, मराठीत लेखी भाषांतर क्वचित. पण फोनवरून बोलणारे मराठी दुभाषे देणाऱ्या सेवा आहेत, आणि बऱ्याच डिस्ट्रिक्टचा अशा सेवेशी करार असतो. शिक्षकांच्या भेटीच्या आठवडाभर आधी ऑफिसला कळवा की मराठी इंटरप्रिटर हवा आहे. 'इंडियन' असं म्हणू नका, 'हिंदी चालेल' असंही म्हणू नका, कारण हिंदी बोलता येणं वेगळं आणि मुलाच्या अभ्यासाबद्दल हिंदीत बोलणं वेगळं.

दहा वर्षांच्या मुलालाच दुभाषा करणं टाळा. बाईंनी त्याच्याबद्दल काय सांगितलं ते तो पूर्ण सांगेलच असं नाही, आणि ते ओझं त्याच्यावर टाकूही नये.

टायटल वन म्हणजे स्पेशल एज्युकेशन का?

नाही. स्पेशल एज्युकेशनचा कायदा वेगळा आहे. मुलाला शिकण्यात, बोलण्यात किंवा लक्ष देण्यात काही अडचण आहे असं वाटत असेल तर तपासणीची मागणी लेखी करा. "आधी रीडिंग ग्रुपमध्ये बघू" असं ऐकून महिनोन्महिने थांबू नका. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

खासगी शाळेतल्या मुलांना मिळतं का?

काही वेळा. टायटल वन शाळेच्या हद्दीत राहणारं आणि अभ्यासात मदतीची गरज असलेलं मूल खासगी शाळेत जात असेल, तरी डिस्ट्रिक्टने त्याला ही सेवा द्यायची असते. पैसा खासगी शाळेच्या हातात जात नाही.

फेडरल शिक्षण खातं बंद होणार असं ऐकतो. मग हे सगळं जाणार का?

मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी शिक्षण खातं बंद करण्याच्या दिशेने पावलं उचलायचा आदेश काढला, आणि तेव्हापासून पालकांत ही धास्ती आहे. टायटल वन काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेल्या कायद्यात आहे आणि निधीही दरवर्षी काँग्रेस मंजूर करते. कारभार कुठल्या खात्याने बघायचा हे बदललं तरी कायदा आपोआप रद्द होत नाही. रक्कम मात्र दरवर्षी कमी-जास्त होऊ शकते, म्हणून आपल्या डिस्ट्रिक्टच्या बजेटच्या सभांवर वसंत ऋतूत लक्ष ठेवा. त्या खुल्या असतात आणि तिथे कुणालाही दोन-तीन मिनिटं बोलता येतं.

आई-बाबा दोघंही कामावर. आजी शाळेत गेली तर चालेल का?

मूल ज्यांच्यासोबत राहतं आणि जे त्याचं पालकत्व सांभाळतात अशा आजी-आजोबांना कायदा पालकांतच धरतो. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीला शाळेच्या कार्यक्रमांना सहसा मोकळेपणी जाता येतं, पण मुलाचे गुण किंवा अहवाल तिला दाखवायला शाळा तुमची लेखी परवानगी मागेल. वर्षाच्या सुरुवातीलाच ती देऊन ठेवा.

शाळा ऐकतच नसेल तर?

आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग डिस्ट्रिक्टमधला टायटल वनचा समन्वयक. प्रत्येक वेळी लेखी, तारीख घालून, आणि एक प्रत आपल्याकडे ठेवून. फोनवर बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी छोटा ईमेल टाका: आज आपलं हे बोलणं झालं, मला असं समजलं. डिस्ट्रिक्टनेही दाद दिली नाही तर प्रत्येक राज्याच्या शिक्षण खात्याकडे लेखी तक्रारीची पद्धत असते. वंश, मूळ देश किंवा भाषा यावरून भेदभाव झाला असेल तर फेडरल शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे, घटना घडल्यापासून १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते. त्याला वकील लागत नाही आणि फीही नाही.